घाटपांडे

घाटपांडे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या पासबुकावर सुखरूप आहे. पण बोलताना त्यांच्या दर तिसऱ्या वाक्यात 'घाट' यायचा. कथेचा घाट, कवितेचा घाट, एकदा तर म्हैसूरपाकाचा घाट. तेव्हा वाचनालयाच्या कट्ट्यावर कुणीतरी हे बारसं उरकलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता नव्यानं ओळख झालेला माणूस त्यांना 'मूळचे पुण्याचे का?' म्हणून विचारतो आणि ते 'नाही, मूळचा आकृतिवादी' असं उत्तर देतात. समोरचा त्यांना कुठल्या तरी पंथाचा समजून पाया पडतो.

मी सांगतोय ते कोल्हापूरचे. पण ज्या गावात एक नाट्यगृह, एक वाचनालय आणि दोन मंगल कार्यालयं आहेत, तिथं एक घाटपांडे असतोच. त्याला स्पर्धेचं परीक्षण सांगावं लागतं, नाही सांगितलं तर तो प्रेक्षकांत बसून करतो.

आमचे घाटपांडे एका सहकारी बँकेत लेखापाल होते. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळल्या की त्यांचा दिवस सार्थकी लागे. पैसे कुणाचे, कशासाठी काढले, परत येणार की बुडणार, हा वसुलीवाल्यांचा प्रश्न. कला म्हणजे काय, याचं उत्तर त्यांना तिथंच, कॅशियरच्या जाळीमागे सापडलं होतं. पुस्तकांनी नंतर फक्त दुजोरा दिला.

त्या पुस्तकांतलं थोरलं म्हणजे बा. सी. मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य'. निवृत्तीच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी ते वाचलं. कलाकृतीच्या घटकांत संवाद असतो, विरोध असतो आणि समतोल असतो, हा मर्ढेकरांचा लयविचार त्यांना इतका पटला की पुढचा महिनाभर घरात तोच शिजत होता. वहिनींनी ताट वाढलं की हे हात धुऊन येत आणि उभ्यानंच निरखत. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद. "बघा, वाढणाऱ्या बाईनं मर्ढेकर वाचलेले नाहीत, तरी समतोल साधलाय," असं ते पाहुण्यांना सांगत. त्यावर वहिनी एकदाच म्हणाल्या, "भाजी कशाची आहे ते सांगा बघू." त्यांना सांगता आलं नाही. निम्मी खाऊन झाली होती.

याच मर्ढेकरांनी साहित्याचं माध्यम म्हणजे शब्दांचा नाद नसून भावनेनं भारलेला अर्थ आहे, असंही बजावून ठेवलंय. घाटपांड्यांच्या प्रतीत ती पानं बहुधा एकमेकांना चिकटलेली असावीत.

त्यांच्याशी बोलताना चेहऱ्याकडे बघण्यात अर्थ नाही, उजव्या हाताकडे बघावं. तुम्ही काही लयीत बोललात की त्यांचा अंगठा करंगळीच्या तळच्या पेरापासून चढू लागतो. एक पेर, दोन पेरं, तिसऱ्या पेरावर क्षणभर थांबा, मग अनामिका. मात्रा जुळल्या तर अंगठा तर्जनीच्या टोकाला टेकून शांत होतो. नाही जुळल्या तर तो हवेत लोंबकळत राहतो आणि चेहऱ्यावर हिशेबात आठ आणे कमी पडल्याची कळा येते. शोकसभेतही हा अंगठा चालू असतो. एका सभेत एका वक्त्यानं स्वतः रचलेली श्रद्धांजली वाचली आणि मंडळी डोळे पुसू लागली. घाटपांडे माझ्या कानाशी आले आणि कळवळून म्हणाले, "तिसऱ्या चरणात एक मात्रा गेली हो." गेलेल्या माणसाइतकंच दुःख होतं त्या आवाजात.

त्यांच्या विद्वत्तेची खरी कसोटी लागते ती लगीनसराईत. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात, एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, हे लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. बाकीचे नातेवाइकांची यादी घेतात आणि चालीत कोंबतात. गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. तिच्या मावशीनं मंगलाष्टक लिहिलं आणि कुणाच्या तरी सल्ल्यानं ते तपासायला घाटपांड्यांकडे आणलं. मी तिथं होतो. त्यांनी चष्मा चढवला, अंगठा करंगळीवर ठेवला आणि पहिल्याच चरणाला तो थिजला.

"हे मावसकाका कोण?"

"अहो, माझे मिस्टर! हॉलचे पैसे त्यांनी भरलेत."

"भरले असतील. पण ते शार्दूलविक्रीडितात बसत नाहीत."

मावशीला वाटलं, नवऱ्याच्या देहयष्टीवर बोलतायत. मग घाटपांड्यांनी पाटी मागवली. मा गुरू, व लघु, स लघु, का गुरू, पुन्हा का गुरू. गुरू, दोन लघु, दोन गुरू, अशी जोडणी या वृत्ताच्या एकोणीस अक्षरांत कुठेच येत नाही. चरणाच्या आरंभी घाला, यतीनंतर घाला, शेवटी घाला. वृत्त मोडल्याशिवाय मावसकाकांना आत प्रवेश नाही. मी मागाहून घरी जाऊन कागदावर करून पाहिलं. खरोखरच नाही.

"मग नुसतं 'काका' घाला," मी सुचवलं. दोन गुरू, चोख बसतात.

मावशीचा चेहरा बदलला. नुसता काका म्हणजे मुलीच्या बापाचा भाऊ. त्याच्याशी वाटणीवरून कोर्टात दावा चालू. त्याला बोलावणंसुद्धा नव्हतं, मंगलाष्टकात कुठून घालणार? घाटपांडे कंटाळले. वृत्त जमलं असताना माणसांनी मधे अर्थ आणला की त्यांना असंच होतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एका दमात चरण लिहून दिला:

मामा आणि मुली जमून सगळे, दारी उभे पाहती

अंगठा करंगळीवरून निघाला आणि तर्जनीच्या टोकावर अलगद येऊन टेकला. "घ्या. मोती आहेत मोती."

"अहो, पण मुलीला मामा नाही."

"असू दे की. मंगलाष्टकात असला म्हणून काय बिघडलं?"

लग्नात तो चरण सुरेल म्हटला गेला. वरपक्षाकडची एक आजी विचारत फिरत होती, मामा कुठं आहे, मघाशी मुलीला मांडवात तर मावसभावानं आणलं. मावसकाकांनी हॉलचा उरलेला हप्ता तीन आठवडे अडवून धरला. घाटपांडे अक्षता टाकून घरी आले ते प्रसन्न मुद्रेनं. आयुष्यात प्रथमच त्यांच्या हातून एकही अक्षत अनिच्छेनं पडली नव्हती.

आता यांच्या समोर दुसरं कुणी नसतं, तर हा माणूस नुसता विक्षिप्त ठरला असता. पण देवानं यांना एक जोडीदार दिलाय. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पस्तीस-एक वर्षं मुलांना प्रत्येक गोष्टीखाली 'तात्पर्य' लिहायला लावलं, तेव्हा त्यांचं नाव तात्पर्यकर पडलं यात कुणाची करामत नाही. सिनेमा संपून दिवे लागले की ते शेजाऱ्याकडे वळून 'यातून घ्यायचं काय?' असं विचारतात. विनोद सांगितला तरी विचारतात.

या दोघांचं भांडण कोल्हापूरला नवं नाही. ना. सी. फडके इथंच राजाराम कॉलेजात शिकवायचे; १९३८ साली वि. स. खांडेकर शिरोडं सोडून इथंच राहायला आले. एक कलेसाठी कला म्हणणारा, दुसरा जीवनासाठी कला म्हणणारा. सबंध महाराष्ट्रभर गाजलेल्या वादाचे दोन्ही धनी एकाच गावचं पाणी पीत होते. वाचणाऱ्या बायकांनी मात्र दोघांच्याही कादंबऱ्या एकाच उशीखाली ठेवल्या आणि रात्री जी हाताला लागेल ती वाचली. घाटपांडे अर्थातच फडक्यांच्या बाजूचे. शिवाय त्याच राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे माधव जूलियन म्हणजे त्यांचं कुलदैवत. त्यांचं 'छंदोरचना' हे जाडजूड पुस्तक घाटपांड्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असतं आणि दसऱ्याला त्यावर झेंडूचं फूल पडतं. तात्पर्यकरांच्या भिंतीवर खांडेकरांचा फोटो. ज्ञानपीठ मिळालं तेव्हाच्या वर्तमानपत्रातून कापलेला.

वादाची सुरुवात भामहापासून होते. त्या जुन्या काव्यशास्त्रकारानं शब्द आणि अर्थ एकत्र आले की काव्य होतं असं सांगून प्रकरण मिटवलं होतं. घाटपांडे त्याला शब्दापाशी थांबवतात, तात्पर्यकर त्याला अर्थापासून सुरू करतात.

एकदा दोघांना देवल क्लबातल्या मैफलीला घेऊन गेलो होतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याची गायकी. विलंबित ख्याल तासभर चालला. पेचदार ताना, लय अशी की समेवर येईतो ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. घाटपांड्यांनी डोळे मिटले होते आणि अंगठ्याला चांगलंच काम लागलं होतं. गाणं संपल्यावर तात्पर्यकरांनी हळूच विचारलं, "शब्द काय होते?"

घाटपांड्यांना माहीत नव्हतं. पलीकडच्या श्रोत्यानं सांगितलं, नणंद जागी आहे, सासू जागी आहे, पैंजण वाजतंय, कशी येऊ.

"एवढंच?" तात्पर्यकर म्हणाले. "मग एक तास का लागला? ये म्हणावं, नाहीतर येऊ नको म्हणावं."

बाहेर चहाच्या गाड्यावर घाटपांड्यांनी आपलं ब्रह्मास्त्र काढलं. ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली आणि त्या तबकडीत सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. "कोण केसरबाई? गोव्यातल्या केरी गावच्या, आमच्या खाँसाहेबांच्या शिष्या. सूर्यमाला सोडून चाललीय ती भैरवी. सोबत भावार्थ पाठवला का कुणी? परग्रहावरच्याला काय सासू-नणंद समजावून सांगणार? तो ऐकणार ते सूर. घाट ऐकणार!"

तात्पर्यकरांनी बशीतला चहा संपवला. "उत्तर आलं का त्यांचं?"

"कुणाचं?"

"परग्रहावरच्यांचं. नसेल आलं तर अर्थ कळला नसेल."

चित्रांच्या बाबतीत तर पंचाईतच. मुंबईला एका प्रदर्शनात वासुदेव गायतोंड्यांच्या एका कॅनव्हाससमोर तात्पर्यकर बराच वेळ उभे राहिले. वरून खाली झिरपत गेलेला रंग, त्यावर काही खुणा, बाकी शांतता. शेवटी त्यांनी पाटीवरचं नाव वाचलं. 'शीर्षक नाही.' "म्हणजे त्यांनाही सांगता आलेलं नाही," असं समाधानानं म्हणून ते पुढे सरकले. कुणीतरी त्यांना सांगितलं की गायतोंड्यांचं एक चित्र २०२१ साली लिलावात जवळजवळ ४० कोटींना गेलं. ते माघारी फिरले आणि पुन्हा नीट बघून म्हणाले, "मग अर्थ आहे त्यात."

गंमत सोडा, पण मला या दोघांत निवड करायला सांगितली तर मी डोळे मिटून घाटपांड्यांच्या बाजूला जाऊन बसेन. त्याचं कारण तात्पर्यकरांना मूर्खात काढणं नव्हे. ते सज्जन आहेत आणि आमच्या निम्म्या गावाला त्यांनीच लिहायला शिकवलंय. पण तात्पर्यकर कलाकृतीकडे येतात तेव्हा अर्थ त्यांच्या खिशात आधीच असतो. समोरचं पुस्तक किंवा नाटक त्याच्याशी जुळतं का, एवढंच ते ताडून बघतात. जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर 'समाजाला काय दिलं?' घाटपांडे खिशात काहीही न घेता येतात. काय सांगितलंय याच्याशी देणंघेणं नसल्यामुळे त्यांना मुकाट्यानं समोरचीच वस्तू बघत बसावं लागतं. आणि बघत बसणाऱ्याला कधी ना कधी दिसतं.

एका एकांकिका स्पर्धेत ते मी पाहिलं. विषय कर्जबाजारी शेतकऱ्याचा. शेवटी म्हातारी आई झाडाखाली येते, मागे बासरी, लाल प्रकाश, सगळं नाट्यगृह मुसमुसतंय. बाहेर पडताना आमच्या कॉलेजच्या पोरांनी एका सुरात निकाल दिला, "विषय हार्ड!" कोल्हापुरात याच्यावर अपील नाही.

"विषयाचं राहू दे," घाटपांडे म्हणाले. "गाव कुठल्या बाजूला होतं?"

पोरं गप्प.

"पहिल्या प्रवेशात मुलगा गावाकडून येतो तो डाव्या विंगेतून. सावकार गावात जातो तो डावीकडेच. मग आई गावातनं धावत येते ती उजवीकडून कशी?"

"काका, तिचं पोरगं मेलंय, आन् तुम्ही विंगा काय मोजताय!"

"अरे, म्हणूनच मोजतोय. तिला कुठून यायचं ते दिग्दर्शकानं ठरवलं नाही, कारण ती आली की बासरी लागणार, बासरी लागली की तुम्ही रडणार, हे त्याला ठाऊक. तुम्ही आईसाठी रडला नाहीत. बासरीसाठी रडलात."

पोरं 'नाद खुळा म्हातारा' म्हणून निघून गेली. त्यातलं एक मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी आलं आणि वही काढून बसलं. वहिनींनी त्याला पोहे दिले आणि हळू आवाजात विचारलं, "तुझ्या घरी माहीत आहे ना?"

यंदा एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला खुली काव्यस्पर्धा होती. संयोजकांना काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी घाटपांडे आणि तात्पर्यकर या दोघांनाही परीक्षक नेमलं. आशयाला ५० गुण, मांडणीला ५०. प्रत्येकी तीन मिनिटं. तालमीच्या मैदानात दोन पैलवान सोडावेत तसे त्यांना व्यासपीठाच्या दोन टोकांना बसवलं आणि मधे पाण्याचा तांब्या ठेवला.

दोघांनीही आपापल्या तत्त्वाला जागून सुरुवात केली. घाटपांड्यांनी आशयाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळ्यांना २५ लिहून टाकले. कविता सुरू व्हायच्या आधी. तात्पर्यकरांनी मांडणीच्या रकान्यात तेच केलं. उरलेल्या एका रकान्यापुरता प्रत्येकजण न्यायाधीश.

इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार आला. त्यानं गझल म्हटली. मतला बांधेसूद, काफिये चोख, रदीफ शेवटपर्यंत हललेली नाही. दिवसभर मागाचा ठोका ऐकणाऱ्या कानाला मात्रा शिकवाव्या लागत नाहीत हे उघड होतं. शेरांत चंद्र होता, मदिरा होती, एका शेरात वाळवंट होतं. शिरोळच्या पलीकडे कधी गेलेला दिसत नव्हता तो. प्रत्येक शेर त्यानं दोनदा म्हटला, घंटा झाली तरी म्हटला. घाटपांड्यांचा अंगठा तर्जनीवरून उठायला तयार नव्हता. त्यांनी ४८ दिले. तात्पर्यकरांनी वाळवंटाबद्दल ४ दिले.

मग शिरोळकडचीच एक मुलगी आली. बारावीतली असावी. कविता २०१९ च्या पुरावर. पुराचं वर्णन नाही, सरकारला शिव्या नाहीत. घरातून काय काय गेलं त्याची यादी. कणगी, शिलाईमशीन, भावाची पुस्तकं, देव्हारा, असं करत शेवटी गोठ्यातलं दावं. ते तेवढं राहिलं होतं, खुंट्याला. सपाट आवाजात तिनं वाचलं आणि खाली बसली. सभागृहात कुणी हललं नाही. त्या पाण्यात इथल्या बहुतेकांचं काही ना काही गेलेलं आहे. तात्पर्यकरांनी रुमाल काढला, ४७ गुण लिहिले आणि शेऱ्याच्या जागी 'हृदयस्पर्शी! पूरग्रस्तांची व्यथा' असं लिहून उद्गारचिन्हाला आणखी एक सोबती दिला.

घाटपांड्यांनी तिचा कागद मागवून घेतला. वृत्त नाही, छंद नाही, यमक नाही. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावरच बसून होता. मग तो हळूच कागदावर गेला आणि ओळींच्या उजव्या कडेवरून खाली उतरत आला. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. समासात पेन्सिलीनं त्यांनी जे लिहिलं ते मी नंतर स्वतः पाहिलं: 'प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका शब्दानं आखूड. शेवटी एकच शब्द. जागा कमी होत जाते. पाणी चढतं आहे. मुद्दाम?'

आणि गुण किती? ५.

मी नंतर त्यांना धरलंच. "अहो, सबंध सभागृहात हे तुम्हाला एकट्याला दिसलं. तात्पर्यकरांनाही दिसलं नाही. आणि पाच?"

"दिसलं म्हणूनच पाच. नाहीतर शून्य होते." ते अगदी शांत होते. "मुद्दाम केलं असेल तर पंचेचाळीस. चुकून झालं असेल तर काही नाही. नियमाप्रमाणे स्पर्धकाला विचारता येत नाही. पावती नसलेली रक्कम जमेला कशी धरू? संशयाची तरतूद म्हणून पाच ठेवले."

गुणपत्रिका पाकिटात गेल्यावर, चहाच्या वेळी, त्यांनी त्या मुलीला गाठलं. आता नियम आड येत नव्हता. "बाळ, त्या ओळी तू मुद्दाम आखूड आखूड करत आणल्यास का?"

तिनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. काय उत्तर दिलं म्हणजे हे आजोबा जातील, याचा अंदाज घेत असावी. "मुद्दाम म्हंजे? ते तसंच हाय की, काका."

घाटपांडे कप हातात धरून उभेच राहिले. ही पावती धरायची की नाही, हे चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तोवर आत बेरीज झाली होती. गझल: ४८ आणि २५, शिवाय २५ आणि ४, एकूण १०२. पुराची कविता: ५ आणि २५, शिवाय २५ आणि ४७, एकूण १०२. पहिला क्रमांक आला १०३ गुणांनी तिसऱ्याच एकाचा. नववीतला मुलगा, कवितेचं नाव 'पाऊस'. पाऊस पडतो, शेतकरी आनंदतो, बेडूक ओरडतो, मीही आनंदतो. वृत्त मोडलं नव्हतं कारण नव्हतंच, अर्थ चुकला नव्हता कारण चुकण्याजोगा नव्हता. घाटपांड्यांना त्यात वावगं दिसलं नाही म्हणून २७, तात्पर्यकरांना शेतकरी आनंदल्यामुळे २६. दोन्ही परीक्षकांच्या मनात जो कुठेच नव्हता, तो दोघांच्या बेरजेत पहिला आला. मोठमोठे करंडकसुद्धा असेच जात असावेत, अशी शंका मला तेव्हापासून आहे.

निकाल जाहीर झाला तेव्हा दोघांनी तांब्यावरून एकमेकांकडे असं पाहिलं की मधलं पाणी उकळावं. पण रिवाजाप्रमाणे परीक्षकांचं मनोगत व्हायला हवं होतं. घाटपांडे माईकपाशी गेले आणि म्हणाले, पहिल्या क्रमांकाच्या कवितेतला आशय माझ्या सहपरीक्षकांना विशेष भावलेला दिसतो. तात्पर्यकर उठले आणि म्हणाले, या कवितेच्या मांडणीविषयी घाटपांडेसाहेबच अधिकारवाणीनं बोलू शकतील. दोघांनाही टाळ्या पडल्या. बऱ्याच वर्षांत प्रथमच ते एकमेकांच्या शास्त्राला मान देत होते.

मुलानं ढाल घेतली, फोटो झाला. तो शहाणा निघाला. खाली न उतरता दोघांच्या पाया पडला आणि वहीपेन काढून विचारू लागला, "सर, माझ्या कवितेत नक्की काय चांगलं होतं? पुढच्या वेळी तेच ठेवीन म्हणतो."

तात्पर्यकरांनी घाटपांड्यांकडे पाहिलं. घाटपांड्यांचा अंगठा करंगळीवर गेला, परत आला. मग दोघं एकदमच बोलले.

"वेळेत संपवलंस."